ब्रेडी, मॅनिंग आणि विनाटिएरीचा पाय

माझा साडू इंडियानापोलिसला राहतो, मी बॉस्टनच्या पश्चिमेला, आणि आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे थँक्सगिव्हिंगला एका टेबलावर बसणं दोघांनाही चुकत नाही. बाकी सगळ्या विषयांवर आमचं छान जमतं. पुण्यात फ्लॅट ठेवावा की विकावा, आईबाबांचं ग्रीन कार्ड करावं की सहा महिने इकडे सहा महिने तिकडे चालू द्यावं, सगळ्यावर एकमत. पण टॉम ब्रेडी मोठा की पेटन मॅनिंग (दोघेही अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून टीमचा हल्ला चालवणारे) हा विषय निघाला की बायका ताटं उचलून किचनमध्ये निघून जातात, कारण पुढचे दोन तास काय होणार ते त्यांना पाठ झालंय.

मी २००३ मध्ये इकडे आलो. आल्या आल्या पहिल्याच हिवाळ्यात इथली टीम, म्हणजे न्यू इंग्लंड पेट्रियट्स, सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली आणि मला या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसतानाही मी रूममेट्सबरोबर ओरडत रस्त्यावर उतरलो होतो. साडूभाऊ पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला उतरले, त्या सीझनला मॅनिंगने कोल्ट्सकडून ४९ टचडाऊन पास (समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचणारे, सहा पॉइंटचे) टाकून रेकॉर्ड केला. झालं, साडू मॅनिंगचा झाला आणि मी ब्रेडीचा. फॅन लोक कितीही मोठ्या गप्पा मारू देत, टीम आपण निवडत नाही, आपलं ऑफर लेटर निवडतं.

तर गेली काही वर्षं हा वाद मी दोन आकड्यांवर संपवत आलोय. पहिला, सात–दोन. ब्रेडीच्या सात अंगठ्या (सुपर बोल जिंकलेल्या टीमला अंगठी मिळते म्हणून इथे सगळे रिंग्जच मोजतात), मॅनिंगच्या दोन. दुसरा, अकरा–सहा. दोघांच्या टीम १७ वेळा समोरासमोर आल्या, त्यात ११ ब्रेडीच्या, ६ मॅनिंगच्या. एवढं बोललं की मी खुर्चीत मागे रेलायचो आणि साडू गप्प. आता मला मनापासून वाटायला लागलंय की हे दोन्ही आकडे म्हणजे निव्वळ आळशीपणा आहे, आणि गंमत म्हणजे हे मी अजूनही ब्रेडीचाच फॅन असताना म्हणतोय.

अकरा–सहाचंच घ्या आधी. ब्रेडी आणि मॅनिंग एकमेकांविरुद्ध खेळले असं आपण सर्रास म्हणतो, पण ते दोघं एकाच वेळी मैदानात कधी नव्हतेच. हा काही टेनिस नाही. क्वार्टरबॅक आपल्या ऑफेन्सबरोबर उतरतो तेव्हा समोर दुसऱ्या टीमचा डिफेन्स असतो आणि दुसरा क्वार्टरबॅक बाकावर बसून टॅबलेटवर फोटो बघत असतो. म्हणजे ब्रेडी खेळला कोल्ट्सच्या डिफेन्सशी, आणि मॅनिंग खेळला पेट्रियट्सच्या बिल बेलिचिक नावाच्या कोचने बांधलेल्या डिफेन्सशी, आणि बेलिचिक हा डिफेन्सच्या बाबतीत किती पोचलेला माणूस होता ते त्याचा तिरस्कार करणारेही मान्य करतात. पेपर वेगळा, परीक्षक वेगळा, आणि आपण मार्क शेजारी शेजारी ठेवून तुलना करतोय.

अकरातला पहिला विजय कुठला? ३० सप्टेंबर २००१. ब्रेडीच्या आयुष्यातली पहिली स्टार्ट, म्हणजे सुरुवातीपासून खेळलेली मॅच, कारण आदल्या आठवड्यात तोवरचा क्वार्टरबॅक ड्र्यू ब्लेडसो जबर जखमी झाला होता. योगायोगाने समोर कोल्ट्स. पेट्रियट्स ४४–१३ जिंकले. त्या मॅचमध्ये ब्रेडीने एकही टचडाऊन पास टाकला नाही, पेट्रियट्सच्या डिफेन्सने मात्र मॅनिंगचे दोन पास हवेत पकडून थेट टचडाऊनपर्यंत पळवले. खात्यावर जमा कुणाच्या? ब्रेडीच्या.

आणि एक विजय तर मी स्वतः बघितलाय. नोव्हेंबर २०१३, रविवारची रात्र, फॉक्सबरोचं जिलेट स्टेडियम. मॅनिंग तोपर्यंत डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे गेला होता. थंडी अशी की दोन मोजे, वर बूट, बुटात गरम होणाऱ्या पुड्या, आणि तरीही पायाची बोटं आपली आहेत की नाहीत ते कळेना, वारा तर असा बोचरा की बिअरचा ग्लास धरायला नको वाटावं. पेट्रियट्सने पहिल्या तीनही वेळा बॉल हातातून सोडला, तीन फंबल, आणि हाफटाइमला स्कोअर ०–२४. माझ्या पुढच्या रांगेतलं एक अख्खं कुटुंब ब्लँकेट गुंडाळून निघून गेलं. आम्हीही निघणार होतो, फक्त पार्किंगमधून बाहेर पडायला तास जाईल म्हणून बसलो, खोटं कशाला बोलू. आणि मग ब्रेडी सुटला. सलग ३१ पॉइंट. मग मॅनिंगने बरोबरी केली, ३१–३१, ओव्हरटाइम. टॉस पेट्रियट्सने जिंकला आणि बेलिचिकने काय करावं? बॉल नको म्हणाला, वाऱ्याची बाजू द्या म्हणाला. समोर मॅनिंग असताना पहिला बॉल त्याच्या हातात! आमच्या सेक्शनमधले लोक डोक्याला हात लावून बसले. पण वारा त्या रात्री खरंच बारावा खेळाडू होता. शेवटी झालं काय, तर पेट्रियट्सचा एक पंट (लाथेने लांब समोरच्यांकडे पाठवलेला बॉल) ब्रॉन्कोजच्या टोनी कार्टरला जाऊन लागला, त्याचं लक्षच नव्हतं, बॉल पेट्रियट्सने पटकावला, आणि ३१ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने बॉल दोन खांबांमधून, तीन पॉइंट) मारून मॅच ३४–३१.

त्या रात्री ब्रेडी भन्नाट खेळला, शंकाच नाही. पण मॅनिंग हरला तो नेमका कशामुळे? एका पंटच्या टप्प्यामुळे. बॉल दोन फूट डावीकडे पडला असता तर कदाचित दहा–सात झालं असतं आणि मी कुठल्या तोंडाने बोललो असतो?

आता अंगठ्यांकडे येऊ. मला ज्या एका जोडीने हलवलं ती सांगतो. ब्रेडीचा पहिला सुपर बोल, फेब्रुवारी २००२, समोर सेंट लुइस रॅम्स, पेट्रियट्स २०–१७. ब्रेडीने पास करून काढलेले यार्ड किती? १४५. एक टचडाऊन. मॅनिंगचा शेवटचा सुपर बोल, फेब्रुवारी २०१६, समोर कॅरोलायना पँथर्स, ब्रॉन्कोज २४–१०. मॅनिंगचे यार्ड? १४१. दोन्ही मॅचमध्ये खरं काम डिफेन्सने केलं. २००२ मध्ये पेट्रियट्सच्या टाय लॉने रॅम्सचा पास पकडून टचडाऊन केलं, २०१६ मध्ये व्हॉन मिलरने पँथर्सच्या क्वार्टरबॅकला अक्षरशः धुतलं आणि एमव्हीपी, म्हणजे मॅचमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला. चार यार्डांचा फरक. पण एकाला आम्ही म्हणतो 'एका लेजंडचा जन्म' आणि दुसऱ्याला म्हणतो 'म्हाताऱ्याला डिफेन्सने खांद्यावर बसवून नेलं'. मीच म्हणायचो की. हो, २००२ ला शेवटच्या दीडएक मिनिटात, हातात एकही टाइमआउट नसताना ब्रेडीने टीमला फील्ड गोलच्या टप्प्यात नेलं, ते शांत डोकं मी विसरत नाहीये. पण तो शेवटचा ४८ यार्डांचा बॉल पोस्टमधून गेला तो ब्रेडीच्या हातातून नाही, ॲडम विनाटिएरीच्या पायातून.

विनाटिएरीवर जरा थांबतो, कारण माझ्या मते या सगळ्या वादातला सगळ्यात मोठा साक्षीदार तोच आहे आणि त्याला कुणी बोलवत नाही.

किकर म्हणजे तुम्हाला माहितीये, मॅचभर एका कोपऱ्यात जाळीत बॉल मारत बसतो, आणि शेवटच्या क्षणी सगळ्यांच्या नोकरीचा प्रश्न त्याच्या पायावर येतो. जानेवारी २००२, सुपर बोलच्या दोन आठवडे आधी, फॉक्सबरोचं जुनं स्टेडियम, तुफान बर्फ, समोर ओकलंड रेडर्स. शेवटच्या दोन मिनिटांत ब्रेडीच्या हातातून बॉल सुटला, रेडर्सने घेतला, मॅच संपली. मग रेफ्रीने व्हिडिओ बघून टक रूल नावाचा नियम काढला, म्हणे हात पुढे येत होता म्हणजे तो पासच, फंबल नाही. (तो नियम २०१३ मध्ये लीगने काढूनच टाकला. साडू दर वर्षी एकदा तरी ही आठवण करून देतो.) तरीही पेट्रियट्स तीन पॉइंटने मागे होते आणि विनाटिएरीने त्या बर्फात, जिथे पाय कुठे ठेवायचा ते दिसत नव्हतं, ४५ यार्डांवरून बॉल मारला आणि तो जेमतेम वर उडून आत गेला. बरोबरी. ओव्हरटाइममध्ये परत त्यानेच मारून १६–१३. तो बॉल एक वीत बाहेर गेला असता तर ब्रेडीची पहिली अंगठी नाही, आणि कुणी सांगावं, पुढच्या वर्षी ब्लेडसो परत आला असता का, वगैरे वगैरे.

आता दुसरीकडे बघा. २००५ चा सीझन, कोल्ट्स १४–२ (१४ जिंकल्या, २ हरल्या), मॅनिंग फुल फॉर्मात, प्लेऑफमध्ये (हरला की घरी अशी बाद फेरी) घरच्या मैदानावर पिट्सबर्ग स्टीलर्स. शेवटच्या क्षणी तीन पॉइंटने मागे, मॅनिंगने बॉल टप्प्यात आणून दिला, ४६ यार्ड, छपराखाली, ना बर्फ ना वारा, आणि किकर माइक व्हँडरजॅटने तो कुठल्या कुठे उजवीकडे मारला. २१–१८, सीझन खलास. बर्फातले ४५ आत, छपराखालचे ४६ बाहेर. यातून ब्रेडी मोठ्या मॅचचा खेळाडू ठरला आणि मॅनिंग मोठ्या मॅचमध्ये हातपाय गाळणारा ठरला. दोघंही त्या क्षणी साइडलाइनवर हेल्मेट हातात धरून बघत उभे होते!

आणि मग कोल्ट्सने काय केलं, तर पुढच्याच वर्षी विनाटिएरीलाच उचलून आणला. त्या सीझनला बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये कोल्ट्स १५–६ जिंकले, सगळेच्या सगळे १५ पॉइंट विनाटिएरीचे, पाच फील्ड गोल, मॅनिंगचा टचडाऊन शून्य आणि वर दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). फेब्रुवारी २००७ ला मायामीच्या पावसात शिकागो बेअर्सला २९–१७ हरवून मॅनिंगला पहिली अंगठी मिळाली. विनाटिएरीच्या एकूण चार, तीन ब्रेडीबरोबर आणि एक मॅनिंगबरोबर. मग अंगठ्याच मोजायच्या तर तो मॅनिंगच्या दुप्पट ग्रेट झाला, नाही का?

हे ऐकून साडू खूश होतो आणि तिथेच त्याची चूक होते. कारण मॅनिंगवाल्यांचे बहाणे मला तितकेच पटत नाहीत. मॅनिंग हरला की डिफेन्स वाईट, किकर वाईट, कोच वाईट, थंडी फार, आणि जिंकला की मॅनिंग. असं नसतं ना राव. जानेवारी २००४ ला फॉक्सबरोमध्ये तो चार इंटरसेप्शन टाकून हरला, त्यातले तीन एकट्या टाय लॉला दिले, त्यात किकरचा काय दोष? २०१० च्या सुपर बोलमध्ये बरोबरी करायला निघालेला असताना सेंट्सच्या ट्रेसी पोर्टरने त्याचा पास वाचला आणि उलटा पळत टचडाऊन केला, तो पास मॅनिंगनेच टाकला होता. त्याचं प्लेऑफ रेकॉर्ड १४–१३ आहे आणि नऊ वेळा तो पहिल्याच प्लेऑफ मॅचमध्ये घरी गेलाय. नऊच्या नऊ वेळा नशीब? एवढं नशीब वाईट असतं तर माणसाने नारायण नागबळी करून घेतला असता.

तरीसुद्धा अंगठीचं माप किती फसवं आहे ते मॅनिंगच्याच दोन सीझनवरून दिसतं. २०१३ मध्ये त्याने ५,४७७ यार्ड आणि ५५ टचडाऊन पास केले, दोन्ही रेकॉर्ड, क्वार्टरबॅकने खेळलेला त्याहून भारी रेग्युलर सीझन मला तरी आठवत नाही, आणि त्या वर्षी सुपर बोलमध्ये पहिलाच स्नॅप (खेळ सुरू करायला क्वार्टरबॅककडे मागे टाकलेला बॉल) डोक्यावरून गेला आणि सिॲटलने ४३–८ ने वाट लावली. अंगठी नाही. दोन वर्षांनी मान, पाय, दंड सगळं दुखत होतं, ९ टचडाऊन, १७ इंटरसेप्शन, मधे चक्क बाकावर बसवलं होतं त्याला, आणि त्या वर्षी अंगठी. ब्रेडीचंही तेच. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये ५०५ यार्ड, तीन टचडाऊन, आणि ईगल्सकडून ४१–३३ हार. पुढच्या वर्षी शून्य टचडाऊन पास, एक इंटरसेप्शन, आणि रॅम्सवर १३–३ विजय. मग ह्या मापाने मोजायचं तर मॅनिंग २०१५ मध्ये २०१३ पेक्षा चांगला खेळला आणि ब्रेडी शून्य टचडाऊन टाकून ५०५ यार्डांपेक्षा चांगला खेळला. कुणाला पटेल हे?

आपल्याला तरी हे वेगळं समजवायची गरज नको खरं तर. २००३ च्या वर्ल्ड कपला सचिनने ६७३ रन केले आणि आपण फायनल हरलो. २०११ ला वानखेडेवर फायनलमध्ये १८ रनवर मलिंगाने घालवला आणि कप घरी आला. १ एप्रिल २०११ ला सचिन कमी होता आणि २ एप्रिलच्या रात्री मोठा झाला असं कुणी म्हटलं असतं तर आमच्या गल्लीत त्याचं काही खरं नव्हतं. मग अमेरिकेत आल्यावर आमचं हे शहाणपण जातं कुठे?

साडूचा हुकमी एक्का वेगळा आहे. तो म्हणतो, ब्रेडी २००८ ला पहिल्याच मॅचला गुडघा मोडून बसला, मॅट कॅसल नावाचा कॉलेजातही क्वार्टरबॅक म्हणून स्टार्ट न मिळालेला पोरगा आला आणि पेट्रियट्स तरी ११–५ झाले. मॅनिंग २०११ ला मानेच्या ऑपरेशनमुळे बसला तर दहा मॅच जिंकणारी कोल्ट्स टीम २–१४ झाली. मग टीम कोण चालवत होतं? हा एक्का खूप वर्षं मला जड गेला, कारण त्याला उत्तर नव्हतं. उत्तर यायला २०२० उजाडावं लागलं. ब्रेडी टँपा बेला गेला, ती टीम आदल्या वर्षी ७–९ होती आणि २००७ च्या सीझननंतर प्लेऑफचं तोंड बघितलं नव्हतं, आणि पहिल्याच सीझनला त्यांनी सुपर बोल जिंकला, तोही पॅट्रिक माहोम्स या क्वार्टरबॅकच्या कॅन्सस सिटी चीफ्सना ३१–९ ने तुडवून. इकडे बेलिचिक ब्रेडीशिवाय ७–९. त्याच्याशिवायच्या चौथ्या सीझनला ४–१३ आणि घरी. अर्थात साडू त्यावरही म्हणतो की मॅनिंग चार वेगवेगळ्या हेड कोचबरोबर चार सुपर बोलला गेलाय, डंजी, कॉल्डवेल, फॉक्स, क्युबियाक, तर ब्रेडीचे दहातले नऊ एकाच माणसाबरोबर. हेही खरं आहे, काय करणार.

मग मी अजून ब्रेडीचा का? अंगठ्या बाजूला ठेवूनच सांगतो. २००० च्या ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात ते) १९९ वा, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते, आणि मग २३ सीझन. पासिंगचे ८९,२१४ यार्ड. वयाच्या ४४ व्या वर्षी ५,३१६ यार्ड टाकून अख्ख्या लीगमध्ये पहिला. मी ४४ व्या वर्षी स्नो शॉव्हेल करून आठवडाभर कंबर धरून चालत होतो. शिवाय पगार. लीगमध्ये १९९४ पासून सॅलरी कॅप आहे, सगळ्या टीमला खर्चाची एकच मर्यादा, आणि ब्रेडी बरीच वर्षं बाजारभावापेक्षा कमी पैशात खेळला, म्हणजे उरलेल्या पैशात दुसरे चांगले लोक घेता आले. (बायको त्याच्यापेक्षा जास्त कमवत होती त्या काळात, हेही आहेच म्हणा.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो बदलत राहिला. सुरुवातीला सांभाळून खेळणारा, २००७ ला रँडी मॉसला लांब लांब बॉल टाकून ५० टचडाऊन करणारा, मग ग्रॉन्काउस्कीच्या काळात मधल्या मधे छोटे पास करत डिफेन्सला कुरतडणारा, मग फ्लोरिडात पुन्हा लांब टाकणारा. एकाच माणसाची तीन-चार करिअर आहेत ती. हे माझं आर्ग्युमेंट आहे आणि त्यात एकही अंगठी लागत नाही.

पण खेळ बघायला कुणाचा आवडायचा असं विचाराल तर, आणि हे वाक्य मी घरात मोठ्याने बोलत नाही, मॅनिंगचा. बहुतेक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर कोच सांगतो काय खेळायचं ते, आणि प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो स्पीकर बंद होतो. मॅनिंगची खरी मजा तो बंद झाल्यावर सुरू व्हायची. लाइनवर येऊन उभा, समोरच्या लाइनबॅकरकडे बोट, मग मागे वळून रनिंग बॅकच्या कानात काहीतरी, मग डावीकडे जाऊन हात वर-खाली, "ओमाहा, ओमाहा", परत बोट, समोरचा सेफ्टी एक पाऊल सरकला की हा लगेच सगळं बदलणार. रिक्षा स्टँडवर कुणी भाडं कुठलं घ्यायचं ते ठरवत असावं तसा हातवारे. आम्ही हसायचो त्याला. पण तो तिथे उभ्या उभ्या समोरच्या अकरा जणांचा बेत वाचत होता आणि आपल्या दहा जणांचा बेत बदलत होता, तेही दहाबारा सेकंदांत, आणि मार्व्हिन हॅरिसन, रेजी वेनसारख्या रिसिव्हरना, म्हणजे पास पकडणाऱ्यांना, ते सगळं डोळ्यांवर कळत होतं. आज कुठलाही शहाणा क्वार्टरबॅक स्नॅपच्या आधी हे थोडंफार करतो. कोच सांगेल ते फेकणाऱ्या माणसापासून मैदानातला कोच, हा बदल एकट्या मॅनिंगने केला असं नाही म्हणत मी, पण चेहरा त्याचा आहे.

आणि एक मजेशीर गोष्ट. जानेवारी २००४ च्या त्या चार इंटरसेप्शनवाल्या मॅचमध्ये पेट्रियट्सचे लोक कोल्ट्सच्या रिसिव्हरना धरत, ढकलत होते. पाच यार्डांपुढे हात लावायचा नाही हा नियम आधीपासून होता, पण रेफ्री डोळेझाक करायचे. पुढच्या सीझनला लीगने रेफ्रींना सांगितलं, आता कडक राहा. कोल्ट्सवाल्यांनी रडून करून घेतलं असं आम्ही इथे कित्येक वर्षं म्हणायचो. त्या वर्षी मॅनिंगचे ४९ टचडाऊन, बरोबर. पण मोकळ्या झालेल्या त्या पासिंगचा सगळ्यात जास्त वर्षं फायदा कुणी घेतला? पंचेचाळिशीपर्यंत खेळणाऱ्याने. शिवाय ब्रेडीचा गुडघा गेल्यावर २००९ ला खाली पडलेल्या खेळाडूने क्वार्टरबॅकच्या पायावर झेपावायला बंदी आली, तीही त्याच्याच नावाने ओळखतात. म्हणजे एकाच्या पराभवातून आणि एकाच्या गुडघ्यातून दोघांचं आयुष्य सोपं झालं, आणि आम्ही फॅन मात्र कुणी नियम वाकवले यावरून भांडतोय.

हा वाद आता जुना झाला, दोघंही टीव्हीवर बसून दुसऱ्यांच्या मॅचवर बोलतात, मग मी एवढं का लिहितोय? कारण तीच मोजपट्टी आता पुढच्या पोरांवर चालू आहे. जानेवारी २०२२ मध्ये बफेलोचा जॉश ॲलन चीफ्सविरुद्ध चार टचडाऊन पास टाकून, १३ सेकंद उरलेले असताना आघाडी घेऊन बसला होता. त्या १३ सेकंदांत त्याच्या डिफेन्सने बरोबरी होऊ दिली, ओव्हरटाइमचा टॉस हरला, चीफ्सने पहिल्याच वेळी टचडाऊन केला, तेव्हाच्या नियमाने मॅच तिथेच संपली, ४२–३६, ॲलनने बॉलला हातही लावला नाही. नंतर लीगला इतकी लाज वाटली की प्लेऑफचा ओव्हरटाइमचा नियमच बदलला. पण स्पोर्ट्स चॅनलवर दुसऱ्या दिवशी सकाळी काय? "ॲलन माहोम्सला हरवू शकत नाही." नाण्याला हरला तो! अर्थात आमच्या २०१७ च्या सुपर बोललाही, ३–२८ वरून परत आलो तेव्हा, ओव्हरटाइमचा टॉस आम्हीच जिंकला होता आणि त्या सीझनचा लीगचा एमव्हीपी, क्वार्टरबॅक मॅट रायन, अटलांटाच्या बाकावर बसून बघत राहिला होता. ती अंगठी मोजताना मी टॉसचा विषय कधी काढला नाही.

साडूसमोर एक गोष्ट मात्र मी अजून कबूल केलेली नाही, ती इथे करतो. १५ नोव्हेंबर २००९, इंडियानापोलिस. पेट्रियट्स ३४–२८ ने पुढे, दोन मिनिटं आणि वर काही सेकंद बाकी, बॉल आपल्याच २८ यार्डांच्या रेषेवर, चौथा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतली शेवटची), दोन यार्ड हवेत. शाळेतलं पोरगंही सांगेल की इथे पंट मारायचा, बॉल लांब पाठवायचा आणि मॅनिंगला सत्तरएक यार्ड चालायला लावायचं. बेलिचिकने पंट मारला नाही. ब्रेडीने केव्हिन फॉककडे टाकला, फॉकने पकडला, पण रेफ्री म्हणाले कमी पडला. मॅनिंगला जेमतेम तीसेक यार्ड उरले, त्याने घाई न करता घड्याळ खाल्लं, आणि १३ सेकंद बाकी असताना रेजी वेनला टचडाऊन. ३५–३४.

त्या रात्री मी बेलिचिकला इतक्या शिव्या घातल्या की बायकोने दार लावून घेतलं. दोन यार्ड मिळाले असते तर मॅच तिथेच संपत होती, हे गणित मला कळतं, त्यावर नंतर लोकांनी खूप आकडेमोडही केली. पण समोर दुसरा कुणीही क्वार्टरबॅक असता तर त्याने पंट मारला असता असंच मला वाटतं. ब्रेडीला रोज प्रॅक्टिसमध्ये बघणारा, क्वार्टरबॅक म्हणजे काय हे अमेरिकेत सगळ्यात चांगलं कळणारा माणूस, त्याला सत्तर यार्ड आणि दोन मिनिटं मॅनिंगच्या हातात द्यायची हिंमत झाली नाही. अकरा–सहामधल्या सहातली ही एक. अकराच्या बाजूला असं एकही उदाहरण मला अजून सापडलेलं नाही, जिथे कुणी कोच ब्रेडीला इतका घाबरला.

साडूच्या घरच्या वायफायचा पासवर्ड तेव्हापासून त्या स्कोअरवर आहे, राउटर तीनदा बदलला तरी तोच. दर दोन वर्षांनी थँक्सगिव्हिंग त्यांच्याकडे असतं, आणि पोचल्या पोचल्या तो कौतुकाने विचारतो, "काय साडूभाऊ, पासवर्ड सांगू की आठवतोय?"